'व्यवसाय' नावाचा रकाना

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला दोनच अटी घातल्या होत्या: प्रवासवर्णन नको आणि पाककृती नको, दोन्ही भरपूर आले आहेत. म्हणून मी इतिहासावर लिहायचं ठरवलं. शिवकाळ आणि पेशवाई यांवर अधिकाराने लिहिणारे पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. मी आयुष्यभर टूलरूममध्ये काम केलेला माणूस. मला थोडाफार कळतो तो यंत्रांचा आणि यंत्रांमागे उभ्या राहणाऱ्या माणसांचा इतिहास. त्याचा एक चांगला दस्तऐवज आपल्या सोसायटीच्या ऑफिसातल्या लोखंडी कपाटात आहे.

तो म्हणजे आपली सभासद नोंदवही, जिला आपण 'आय' नमुना म्हणतो. सचिव असताना दरवर्षी ऑडिटच्या वेळी ती बाहेर काढावी लागायची. प्रत्येक पानावर सभासदाचं नाव, पत्ता, वय, शेअर्सची नोंद आणि 'व्यवसाय' असा एक रकाना. १९९९ साली सोसायटी नोंदली गेली तेव्हाची पानं पाहा. अठ्ठेचाळीस फ्लॅटपैकी निम्म्याहून जास्त पानांवर 'नोकरी (कंपनी)' असं लिहिलंय. काहींनी हौसेने पूर्ण लिहिलंय: फिटर, टर्नर, स्टोअर कीपर, क्यू. सी. इन्स्पेक्टर, हीट ट्रीटमेंट सुपरवायझर. बाकीच्यांत बँक, शाळा, पोस्ट, वीज मंडळ. 'शेती' एकाही पानावर नाही.

आता याच सभासदांना वडिलांचा किंवा आजोबांचा व्यवसाय विचारा. मी गच्चीवरच्या कोजागिरीत अनेकांना विचारलाय. मुळशीतली भातशेती, माणदेशातली कोरडवाहू जमीन, सुतारकाम, विणकाम, भिक्षुकी, किराण्याचं दुकान, गुरं राखणं. दोन पिढ्यांत त्या रकान्यातले सगळे शब्द बदलले. हे कसं झालं, ते थोडक्यात सांगतो.

घर आणि काम एका छपराखाली

जुन्या पुण्यात पत्ता सांगितला की धंदा कळायचा. तांबट आळी, बुरूड आळी, शिंपी आळी, कुंभारवाडा ही नावं अजून आहेत. कसब्यातल्या तांबट आळीत आजही ठोक्यांचा आवाज ऐकू येतो. तिथे ओसरीवर काम चालायचं आणि माजघरात संसार. मुलगा बापाशेजारी बसून शिकायचा. लग्नसराईत रात्री जागायच्या, आषाढात हात रिकामा. माप असायचं बोटाचं, वितीचं, फार तर सुताचं.

याचं गोडवे गायन मी करणार नाही. धंदा कळला की जात कळायची, आणि तांबटाच्या घरी जन्मलेल्याने तांबटच व्हायचं असायचं. दुसऱ्याच्या हातात कितीही कसब असलं तरी त्याला त्या ओसरीवर जागा नव्हती.

इंग्लंडात अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे गणित बदललं. जेम्स वॉटने १७६९ साली वाफेच्या इंजिनातल्या सुधारणेचं पेटंट घेतलं. आता वाफेचं इंजिन काही घरोघरच्या ओसरीवर ठेवता येत नाही. बॉयलर एका जागी, त्यावरून फिरणारा एक लांब शाफ्ट, आणि शाफ्टवरून पट्ट्यांनी फिरणारी शंभर यंत्रं. शाफ्ट एकदा फिरला की सगळी यंत्रं फिरणार, म्हणून शंभर माणसं एकाच वेळी तिथे हजर पाहिजेत. कारखाना, भोंगा, पाळी, तासावर पगार, उशीर झाला तर कापलेले पैसे, हे सगळं त्या एका शाफ्टमधून निघालं. आधी काम माणसाच्या घरी यायचं. आता माणूस कामाच्या घरी जायला लागला.

खडकीचा भोंगा आणि रविवारची सुट्टी

आपल्याकडे यंत्रयुग आलं ते रेल्वेने. १८५३ साली मुंबई-ठाणे गाडी धावली, १८५८ साली पुण्याहून खंडाळ्यापर्यंत रूळ पडले आणि १८६३ साली बोरघाट पुरा झाल्यावर मुंबईहून थेट गाडी येऊ लागली. गाडीबरोबर गिरणीचं स्वस्त कापड आलं आणि इथल्या विणकरांचं गिऱ्हाईक गेलं. १८६९ साली खडकीला दारूगोळ्याचा कारखाना निघाला. भोंग्यावर घराबाहेर पडणाऱ्या पुणेकरांची पहिली मोठी तुकडी बहुधा तिथलीच.

पुण्यातल्या विचारी माणसांना हा बदल कळत होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरली. कच्चा माल बाहेर आणि पक्का माल आत, असं चाललं तर देश शेतीवर रेटला जाईल, हे रानडे सांगत होते. पुढे अंताजी दामोदर काळ्यांनी एकेक पैसा गोळा करून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. लोकांच्या वर्गणीतून कारखाना! मेंटेनन्स वेळेवर न भरणाऱ्या सभासदांनी याची नोंद घ्यावी.

पण या काळातला एक माणूस आपल्याला त्याहून जवळचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे. मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर. जोतिरावांचे सत्यशोधक सहकारी. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात सुरू केलेलं 'दीनबंधु' पुढे लोखंड्यांनी मुंबईत चालवलं. मुंबईच्या गिरण्यांत तेव्हा उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम, आणि आठवड्याची सुट्टी नाही. लोखंड्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची सभा घेऊन मागण्या मांडल्या. त्यात एक मागणी रविवारच्या सुट्टीची होती. रविवार खंडोबाचा वार, तो दिवस देवाला आणि समाजाच्या कामाला मिळाला पाहिजे, असं ते म्हणत असं सांगतात. सहा वर्षांच्या झगड्यानंतर १० जून १८९० पासून गिरण्यांत रविवारची सुट्टी लागू झाली.

आपली वार्षिक सर्वसाधारण सभा गेली पंचवीस वर्षं रविवारी सकाळी दहाला भरते. ती रविवारी भरू शकते याचं श्रेय लोखंड्यांकडे जातं.

नांगरापासून इंजिनापर्यंत

लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव मराठी घरात सांगायला नको. बेळगावात सायकलचं दुकान, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे सुरुवातीला नांगर पडून राहिले. १९१० साली कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९४६ साली खडकीला किर्लोस्कर ऑईल इंजिन्स आणि १९६२ साली आपल्या कोथरुडात किर्लोस्कर कमिन्स. ज्यांनी माळरानावरचं कोथरूड पाहिलंय त्यांना त्या कारखान्याची पहिली शेड आठवत असेल.

ऑईल इंजिनाने एक काम गुपचूप केलं. विहिरीवर मोट ओढायला बैलांची जोडी लागायची, ती हाकायला एक माणूस दिवसभर अडकायचा. इंजिन बसलं आणि तो माणूस मोकळा झाला. आमच्या घरी तो माणूस माझा थोरला चुलता होता. मोकळा झालेला माणूस काय करणार? एस.टी. धरून पुण्याला आला. त्याच्या मागून मी आलो. असं प्रत्येक गावात झालं.

पुणं तोवर पेन्शनरांचं, विद्यार्थ्यांचं आणि सायकलींचं शहर होतं. १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी तिथे पेनिसिलिन बनू लागलं. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं, १९६२ साली एम.आय.डी.सी. आली. बजाज ऑटो आकुर्डीला, भारत फोर्ज मुंढव्याला, १९६६ साली टेल्को पिंपरीला. पुणंच का? मुंबईत जागा संपली होती आणि नवे कारखाने मुंबईबाहेर न्यायचं सरकारचं धोरण होतं. इथे रेल्वे होती, मुंबईचा रस्ता होता, पवनेचं पाणी होतं, लोणावळा-खोपोलीकडची टाटांची वीज होती, आणि १८५४ पासून चालत आलेलं इंजिनिअरिंग कॉलेज होतं. भोसरी, आकुर्डी, चिंचवडच्या शेतकऱ्यांच्या जोंधळ्याच्या जमिनी कारखान्यांखाली गेल्या. काहींनी मिळालेल्या पैशांतून खोल्या बांधल्या आणि गावाकडून आलेल्या आमच्यासारख्यांना भाड्याने दिल्या. १९७० साली तिथे नगरपालिका झाली, १९८२ साली महानगरपालिका.

त्याच सुमारास जुनं पुणं आतूनही फुटलं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि नदीकाठच्या पेठांतले वाडे वाहून गेले. वाड्यातून बाहेर पडलेली कुटुंबं आणि खेड्यातून आत आलेली कुटुंबं नव्या वसाहतींत एकमेकांची शेजारी झाली. पुढे जे शहर वाढलं ते या दोन लोंढ्यांचं. आपल्या सोसायटीतही दोन्हीकडचे लोक आहेत.

कायमचं पत्र

मी औंधच्या आय.टी.आय.मधून टर्नर झालो. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यामुळे कारखान्यांना शिकाऊ मुलं घ्यावी लागत. हे पूर्वीपेक्षा फार वेगळं होतं. लेथ शिकवताना उस्तादाने बापाचा धंदा विचारला नाही. कॅन्टीनला एकच रांग, एकच ताट, अंगावर एकाच रंगाचे कपडे. आडनावं विसरली गेली असं मी म्हणणार नाही, रांगेतसुद्धा कुजबुज असायची. पण ज्याच्या हातचं पाणी आजोबा प्यायले नसते त्याच्या डब्यातली चटणी मी रोज खाल्ली, आणि त्याला कोणी अडवू शकलं नाही.

बायकांना ही रांग उशिरा खुली झाली. टेल्कोच्या जाहिरातीत 'महिलांनी अर्ज करू नये' असं वाचून सुधा कुलकर्णी या तरुणीने जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवलं आणि पुण्याच्या कारखान्यात ती इंजिनिअर म्हणून लागली, ही १९७४ ची गोष्ट. आज आपण त्यांना सुधा मूर्ती म्हणून ओळखतो.

यंत्रंही माझ्या डोळ्यांसमोर बदलली. आमचे उस्ताद लेथवरून निघणाऱ्या किसाचा रंग बघून सांगायचे की टूल बोथट झालंय. निळसर झाला की थांबायचं. मायक्रोमीटर नंतर, आधी अंगठ्याचं नख फिरवून पाहायचे. मग सी.एन.सी. आली. हातातलं कसब प्रोग्राममध्ये गेलं. जिथे चार लेथवर चार माणसं होती, तिथे एक माणूस चार यंत्रं बघू लागला. माल पूर्वीपेक्षा अचूक निघायचा, ते मी नाकारत नाही. उस्ताद मात्र शेवटची दोन वर्षं स्टोअरमध्ये बसून होते.

या सगळ्यात कामगाराच्या दृष्टीने सर्वांत मोठी गोष्ट होती एक कागद: कायम झाल्याचं पत्र. ते सहज मिळत नसे. कायद्याने वर्षात २४० दिवस भरले की हक्क लागू होतो, म्हणून अनेक ठिकाणी त्याआधीच 'ब्रेक' द्यायचे. मलाही दोनदा मिळाला. पण एकदा ते पत्र हातात आलं की त्यामागून बाकीचं येई. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणि एक सुट्टी. १९५२ च्या कायद्याने प्रॉव्हिडंट फंड. १९६५ च्या कायद्याने दिवाळीचा बोनस. हे सारं कोणी ओंजळीत घालून दिलं नाही. सप्टेंबर १९८९ मध्ये टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यावर उपोषणाला बसले आणि पोलिसांनी त्यांना तिथून उचललं, ते दिवस आपल्यापैकी काहींनी जवळून पाहिलेत.

आता आपल्या इमारतीकडे या. १९९९ साली आपण फ्लॅट कशावर घेतले? पी.एफ.मधून काढलेली रक्कम, सोसायटीचं किंवा कंपनीचं कर्ज, आणि उरलेलं गृहकर्ज. कर्ज देणाऱ्याने पहिला कागद मागितला तो कायमच्या नोकरीचा. १९६० च्या सहकार कायद्याने संस्था नोंदली गेली खरी, पण आपल्या पायातला दगड म्हणजे ते पत्र. मूळ नकाशात पार्किंगमध्ये स्कूटरसाठी जागा आखलेल्या आहेत, चारचाकीसाठी मोजून सहा. ज्या माणसाला स्कूटरचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबायची सवय होती, त्याच्या हिशेबाने ही इमारत बांधली गेली. आज पार्किंगवरून जी भांडणं होतात त्यांचं मूळ इथे आहे.

नोंदवहीत नसलेली माणसं

१९९१ नंतर वारा फिरला. कारखाने बंद पडले असं नाही, उलट चाकणला नवे आले. पण कायमचं पत्र दुर्मीळ झालं. स्वेच्छानिवृत्ती आली, कंत्राटी कामगार वाढले. २००७ साली आकुर्डीला बजाजचं वाहन उत्पादन थांबलं. दुसरीकडे, १९८१ साली पुण्यातच जन्मलेल्या इन्फोसिससारख्या कंपन्या मोठ्या झाल्या, हिंजवडी उभी राहिली. नोंदवहीतली नवी पानं पाहा: सॉफ्टवेअर इंजिनिअर, टेस्टर, डेटा अॅनालिस्ट. कंपनीच्या बसऐवजी कॅब येते, भोंग्याऐवजी मोबाईल वाजतो. 'शिफ्ट' हा शब्द मात्र तसाच राहिला, आणि करोनाच्या दोन वर्षांत काम पुन्हा घरात आलं. ओसरीच्या जागी बेडरूममधलं टेबल.

पण ज्यांच्यामुळे ही सोसायटी रोज चालते त्यांची नावं त्या नोंदवहीत नाहीत. गेटवरचे दोन वॉचमन, जिना झाडणाऱ्या मावशी, सुतारदऱ्यातून घरकामाला येणाऱ्या ताई. दिवसपाळीचे वॉचमन काका परभणीकडचे, घरी कोरडवाहू कापूस. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी माझा चुलता जिथून निघाला, तिथूनच ते निघाले. फरक पुढे पडला. आम्हाला त्या रस्त्यावर आय.टी.आय., अप्रेंटिसशिप आणि शेवटी कायमचं पत्र भेटलं. त्यांना एजन्सी भेटली.

टूलरूमच्या सवयीने एक माप घेऊन पाहिलं. आठवड्यात १६८ तास असतात. गेट चोवीस तास उघडं, वॉचमन दोन, सकाळी आठ ते रात्री आठ आणि रात्री आठ ते सकाळी आठ. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्याला ८४ तास येतात. सुट्टी नाही, घेतली तर पैसे कापून, आणि बदलीचा माणूस स्वतः शोधून. आपण कामगार असताना ज्या मर्यादेत काम केलं ती ४८ तासांची. त्या मर्यादेत हे गेट चालवायला साडेतीन माणसं लागतात. दिवसाला बारा तास आणि रविवार नाही, ही लोखंड्यांच्या काळातल्या गिरणीची वेळ आहे. फक्त इथे गिरणीमालक कोणी शेठ नाही. अठ्ठेचाळीस सभासद आहेत, त्यांतले निम्मे एकेकाळचे कामगार.

यावर कोणी म्हणेल, मेंटेनन्स वाढेल. वाढेल. आपल्यात पेन्शनवर राहणारे आहेत, ई.पी.एफ.ची पेन्शन किती असते हे मला कोणी सांगायला नको, ती माझ्याच खात्यावर जमा होते. म्हणून एकदम सगळं करा असं मी म्हणत नाही. आधी चौथा माणूस धरून तीन पाळ्यांचा खर्च एजन्सीकडून लेखी मागवू. आठवड्याची पगारी सुट्टी लगेच सुरू करू. पी.एफ. कापला जातो तो भरला जातो का, याचं चलन दर महिन्याच्या बिलाबरोबर मागू. हे मागायला एक पैसा लागत नाही. जिना झाडणाऱ्या मावशींना आपण थेट पगार देतो, तेव्हा त्यांचा रविवार तर आपल्याच हातात आहे. कचऱ्याच्या डब्यांची एक दिवसाची व्यवस्था दोन्ही विंगच्या तरुण मुलांनी करून दाखवावी.

आपल्या नातवंडांना पुस्तकात औद्योगिक क्रांतीवर धडा असतो. त्यात वाफेचं इंजिन असतं, मँचेस्टर असतं, कामगारांचे हाल आणि मग झालेले कायदे असतात. धडा संपल्यावर ती मुलं खेळायला खाली येतात, तेव्हा गेटवर कोण बसलेलं असतं आणि किती वाजल्यापासून, हेही त्यांना दिसतं.

रौप्यमहोत्सवानिमित्त सर्व सभासदांना आणि त्यांच्या कुटुंबीयांना मनापासून शुभेच्छा. पंचवीस वर्षांत आपण लिफ्ट बदलली, बोअर मारली, गच्चीवर सोलर बसवलं, गणपती एकदाही चुकवला नाही. वर मांडलेला विषय येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा, असं पत्र मी सचिवांना दिलं आहे. सभा नेहमीप्रमाणे रविवारी, सकाळी दहाला आहे.